चार बोटं जागा

मित्रांनो, पंखा म्हटलं की तुमची मान आपोआप वर जाते. वर बघू नका, मी तिथं नाही. खाली या. तो पाच लिटर तेलाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर दिसतोय ना? त्याच्या पोटात मी असतो. मी एक जुना पंखा आहे. चहाच्या बशीएवढा माझा घेर, जाडी जेमतेम दोन बोटं, आणि पाती नऊ. कॉम्प्युटर चालू असेपर्यंत मी फिरतो आणि तो बंद झाला की थांबतो. लोक मला विसरतात, त्याचं मला काही वाटत नाही. खरं सांगू? वाटतं. पण आज मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मी जे पाहिलं त्यानं अजूनही मी थक्क होतो, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला नक्की ठाऊक नाही. खोक्यावर लिहिलेलं होतं म्हणतात. पण मी खोक्याच्या आत होतो, मला कसं वाचता येणार? मला जाग आली ती सुरतेत, डिंडोलीतल्या योगेंद्रच्या दुकानात. योगेंद्र कॉम्प्युटर जोडून देतो. त्याच्या फळीवर माझ्याहून दुप्पट मोठे पंखे होते, काही तर रंगीत दिवे लावलेले. लग्नाच्या वरातीतल्यासारखे ते झगमगायचे, आणि मी आपला काळा, साधा, कोपऱ्यात पडून. एक दिवस योगेंद्र एका छोट्या डब्यात पट्टी घालून मोजत बसला. मग मान हलवून म्हणाला, "यात दुसरा कुणी बसणारच नाही. हाच घ्यावा लागेल." असा माझा नंबर लागला. कौतुकानं नव्हे हो, मापानं!

पण त्यानं मला जागेवर बसवलं आणि मित्रांनो, मी पहिल्यांदा खाली पाहिलं. अबब! माझ्या खाली नखाएवढा एक चौकोन होता. कॉम्प्युटरचं सगळं डोकं म्हणजे तेवढाच चौकोन. तो काम करू लागला की एवढा तापतो, एवढा तापतो, की चुलीवरचं पाणी उकळायला यावं! नखाएवढ्या जागेत एवढी आग आणि वर धूर नाही, ठिणगी नाही, आवाज नाही. त्या चौकोनाला चिकटून तांब्याच्या नळ्या निघालेल्या. त्या नळ्यांच्या आत पाण्याचा थोडासा अंश बंद करून ठेवलेला असतो. चौकोन तापला की त्या पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला पळते, तिथं गार होऊन पुन्हा पाणी होते आणि गुपचूप परत येते. वर्षानुवर्षं तेच पाणी. कुणी भरत नाही, कुणी बदलत नाही. नळीच्या त्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची रांग असते. माझं काम एकच. बाजूच्या जाळीतून गार वारा ओढायचा आणि त्या पत्र्यांवर मारायचा. मागच्या जाळीतून गरम वारा बाहेर जातो. पहिल्या दिवशी मी मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारल्या आणि तो चौकोन शांत झाला. एवढ्या मोठ्या विद्वानाला आपण वारा घालतोय, या विचारानंच मला भरून आलं.

मोठ्या कॉम्प्युटरच्या पंख्यांना काय, ऐसपैस दिवाणखाना असतो. आमच्याकडे मात्र सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. तारा, सर्किटच्या पाट्या, वीज देणारा डबा, सगळं खेटून बसलेलं. अशा डब्यात वारा आत कुठून येतो आणि बाहेर कुठून जातो, यावर सगळ्यांचा जीव अवलंबून असतो. वाट अडली की खेळ संपला.

योगेंद्रनं आम्हाला सुरतेतल्याच लिंबायतमध्ये पोहोचवलं. तिथं पाहिलं तर घरही आमच्या डब्यासारखंच! दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, एकच खिडकी. घरात तीन माणसं. अश्विनी, वय तेवीस, साड्यांच्या छपाईसाठी कॉम्प्युटरवर काम करणारी. तिची आई मालतीबाई. त्या घरी बसून धागा कटिंग करायच्या, म्हणजे भरतकाम झालेल्या साड्यांच्या उलट बाजूचे लोंबते धागे कातरायचे. आणि वडील चिंधा. जळगावकडून तरुणपणी सुरतेला आलेले, तीस वर्षं लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, उभे राहिलेले. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आता काम सुटलं होतं. सकाळी चहा झाला की ते खिडकीशी खाटेवर बसायचे ते थेट संध्याकाळपर्यंत. खाली रिक्षा, भाजीवाल्या, साड्यांचे गठ्ठे वाहणारी माणसं. ते नुसतं बघायचे. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि रोज कोण ओरडणार? म्हणून घरात त्यांच्याशी बोलणं हळूहळू कमी झालं होतं. ते कधी तक्रार करत नसत.

टेबलाला जागा नव्हती. भिंतीतल्या शोकेसच्या एका कप्प्यात मला, म्हणजे आम्हाला, बसवलं. वर स्टीलचे डबे, शेजारी अश्विनीची बारावीची ढाल. चिंधा आमच्याजवळ कधी यायचे नाहीत. एकदा अश्विनी त्यांना हातानं खुणावून म्हणाली, "आबा, बघा ना जवळून." तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. आपला लूमवरचा हात लागला तर लेकीचं काहीतरी पुसलं जाईल, अशी त्यांना धास्ती होती.

पहिली तीन वर्षं माझी फार सुखाची गेली. अश्विनी दुसऱ्यांच्या डिझाइनचे रंग बदलून द्यायची. लाल साडी हिरवी, हिरवी जांभळी. त्याला मॅचिंग म्हणतात. हलकं काम, मी अर्ध्या वेगात सहज निभावून न्यायचो. दसऱ्याला लूमची पूजा होते तशी आमचीही व्हायची. झेंडूची माळ, हळद, कुंकू. चिंधा लांबूनच हात जोडायचे. मित्रांनो, एवढा मान माझ्या खानदानात कुणाला मिळाला नसेल!

गेल्या दसऱ्याला मालतीबाईंनी आमच्यासाठी एक नवा अंगरखा शिवला. का, तर त्यांच्या कातरीतून उडणारी धाग्यांची लव माझ्या जाळीवर बसायची. योगेंद्रनं फोनवर सांगितलं होतं, "काकू, आत कचरा जाऊ देऊ नका." झालं! लूमवाल्या घरातली बाई, तिला लव म्हणजे वैरी. त्यांनी साटीनचं उरलेलं कापड घेतलं, आतून अस्तर लावलं, कडेनं सोनेरी लेस फिरवली, बांधायला बंद लावले, बटणासाठी आणि मागच्या तारांसाठी नीट काज केल्यासारखी भोकं पाडली. इतकं मापात शिवलं की टाचणी घालायला फट राहिली नाही. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. सरलाबाई म्हणाल्या, "नवरीसारखं सजवलंय की!" मालतीबाई लाजल्या. मी आत बसून विचार करत होतो की बाई, माझं नाक कुठं गेलं?

मोठ्या प्रेमानं माझा श्वास कोंडला गेला होता. मी ओढायचो तो माझाच गरम वारा, पुन्हा पुन्हा तोच. थंडीत ते कसंबसं चाललं. मग मे महिना आला, पत्रा तापू लागला, आणि नेमकं त्याच वेळी अश्विनीच्या आयुष्यात मोठी गोष्ट घडली.

ती ज्याच्यासाठी मॅचिंग करायची त्या छपाईच्या युनिटनं तिला स्वतःचं डिझाइन करायला सांगितलं. तिचं स्वतःचं, पहिलं! तिनं पदरावर केळीची पानं काढली. चिंधांच्या गावाकडची, वाऱ्यानं कडेला फाटलेली, उन्हात शिरा दिसणारी. काय सांगू तुम्हाला, ते चित्र चौकोनातून जाताना मी वरून पाहत होतो आणि मला फिरायचं भान राहिलं नव्हतं. युनिटच्या मॅनेजरनं फोनवर बजावलं, "बेन, शनिवार बपोर सुधी फाइल जोईए. पछी मशीन बीजाने आपी दईश." शनिवारी दुपारपर्यंत फाइल आली नाही तर मशीन दुसऱ्याच्या डिझाइनला लागणार, आणि अश्विनी पुन्हा लाल साडी हिरवी करत बसणार. एवढं सरळ होतं ते.

शुक्रवारी दुपारी तिनं चित्र साडीच्या पूर्ण लांबीचं करायला घेतलं. साडेपाच मीटरचं चित्र, एकेक बारीक शीर त्यात. चौकोन तापला. मी वेग वाढवला. तो आणखी तापला. मी सगळा जीव लावला, माझा आवाज शिट्टीसारखा झाला, आणि तरी काही उपयोग नाही. फट्! स्क्रीन काळा. आपण जळून जाऊ नये म्हणून चौकोन स्वतःच डोळे मिटून घेतो, तसे त्यानं मिटले. अश्विनीनं पुन्हा चालू केलं. पुन्हा फट्. संध्याकाळपर्यंत चार वेळा असं झालं. तिनं समोर टेबलफॅन लावला, तर त्याचा वारा साटीनला थापटून परत गेला. शनिवारी सकाळी आठ वाजता पाचव्यांदा बंद पडल्यावर तिनं योगेंद्रला फोन लावला.

"आवाज करतो का पंखा?" योगेंद्रनं विचारलं.

"नुसता किंचाळतोय."

"मग पंखाच गेला, ताई. त्या मापाचा माझ्याकडे नाही. मागवला तर सोमवारी येईल."

पंखाच गेला! मी? तीन वर्षं एक दिवस सुट्टी न घेता फिरलो, गळा दाबलेला असताना फिरलो, आणि माझ्यावर आळ? मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी लिंबायत डोक्यावर घेतलं असतं. पण मी ओरडत होतो ना, तेच ओरडणं सगळ्यांना माझा दोष वाटत होतं. अश्विनीनं फोन ठेवला आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. मालतीबाईंच्या हातातली कातर थांबली.

चिंधांना यातला एक शब्दही ऐकू आला नव्हता. पण त्यांनी खिडकीतून मान वळवली आणि त्यांना लेकीचे हलणारे खांदे दिसले. ते उठले. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच ते शोकेसपाशी आले. अश्विनीनं डोळे पुसत पुन्हा एकदा बटण दाबलं होतं, मी पुन्हा धावायला लागलो होतो. चिंधांनी क्षणभर आपला तळहात लुंगीला पुसला आणि हळूच आमच्या डब्यावर ठेवला.

मित्रांनो, लूमच्या कारखान्यात कानाचा काही उपयोग नसतो. शंभर लूम एकदम चालत असताना शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. मग तिथली माणसं हातानं ऐकतात. लूमच्या अंगावर तळहात ठेवला की कुठं तेल सुकलंय, कुठला पट्टा सैल आहे, मोटर का कण्हतेय, हे त्यांना कळतं. तीस वर्षं ज्या हातानं ऐकलं तो हात आता माझ्यावर होता. साटीन, अस्तर, पत्रा, या सगळ्यांतून तो माझ्यापर्यंत पोहोचला. डोळे मिटून त्यांनी हात तसाच ठेवला. मी कसा थरथरतोय, कुठं अडतोय, हे ते एकेक करून समजून घेत होते. मला वाटलं, अरे, या बहिऱ्या माणसानं माझी हाक ऐकली! ज्यांना कान होते त्यांना जे कळलं नाही, ते याला कळलं.

त्यांच्या घरात थोरली दोघं जळगावकडची अहिराणी बोलतात. चिंधा मोठ्यानं म्हणाले, "अश्विनी, पंखाना काही दोष नही शे. तो बिचारा जीव तोडीसन फिरी ऱ्हायना. याले हवाच भेटत नही." आणि त्यांनी अंगरख्याच्या बंदाला हात घातला.

मालतीबाईंचा चेहरा उतरला. "मी तं त्याले जपाकरता शिवेल व्हतं," त्या पुटपुटल्या.

चिंधांना ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी ते ओठांवर वाचलं. ते हसले. "लेकरूले जास्त पांघरून घाली दिधं, तसं व्हयनं," ते म्हणाले. मालतीबाईंनी पुढे होऊन स्वतःच बंद सोडले.

मशीन बंद करून चिंधांनी बाजूची जाळी काढली. तिच्यावर लवेची जाड वाकळ बसली होती. त्यांनी मऊ ब्रश घेतला, माझी पाती एका बोटानं हलकेच धरली आणि एकेक पातं पुसलं. बाळाचे कान पुसतात ना, तसं. मला कुणी असा हात लावला नव्हता. योगेंद्रनंसुद्धा नाही. नऊ वाजून गेले होते.

अश्विनीनं पुन्हा सुरुवात केली. आता मी धावलो बघा! वारा आत आला, पत्र्यांतून सुसाट गेला. साडीचा निम्मा पट झाला, मग पाऊण. आणि पदराशी येऊन पुन्हा फट्! शोकेसच्या तिन्ही बाजूंना भिंत. माझा गरम वारा भिंतीवर आपटून माझ्याकडेच परत येत होता. साडेदहा वाजले. अश्विनी आता रडतही नव्हती, नुसती बसून राहिली.

चिंधांनी चार बोटं आडवी धरून डबा आणि भिंत यांच्यामध्ये घालून पाहिली. बोटं शिरली नाहीत. "लूमना भवताल बी चार बोटं जागा लागस," ते म्हणाले. "नही तं मोटर जळी जास." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. चूल, मालतीबाईंचे साड्यांचे गठ्ठे, गाद्यांची चळत, पाण्याची टाकी. दहा बाय बारात चारी बाजूंनी चार बोटं मोकळी असलेली जागा एकच होती. त्यांनी आपली खाट खिडकीपासून ओढली.

"आबा, ती तुमची जागा आहे!" अश्विनी ओरडली.

"आठे ठेव," मोकळ्या झालेल्या जागेवर हात आपटत ते म्हणाले. "मी तठे बससू." आणि त्यांनी बोट दाखवलं ते आतल्या, अंधाऱ्या कोपऱ्याकडे.

पाण्याचं पिंप पालथं घालून त्यावर आम्हाला ठेवलं, खिडकीला लागून. अकराला दहा मिनिटं कमी होती. मालतीबाईंनी आपले गठ्ठे उचलून दाराबाहेर नेले आणि तिथंच बसल्या, एकही धागा आत उडू नये म्हणून. अश्विनीनं बटण दाबलं. चिंधा पिंपाशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी तळहात माझ्या बाजूला ठेवला.

मित्रांनो, पहिल्यांदा मला खरा वारा लागला. गल्लीतला, उन्हातला, भज्यांच्या वासाचा, पण मोकळा! चौकोन तापत होता आणि मी त्याची उष्णता उचलून खिडकीबाहेर फेकत होतो. तांब्याच्या नळ्यांतलं ते पाणी धावत जात होतं आणि धावत परत येत होतं. नखाएवढा चौकोन, पाण्याचा तो अंश, नऊ पाती आणि एक म्हातारा तळहात, आम्ही सगळे मिळून केळीचं एकेक पान पदरावर ठेवत होतो. अश्विनी स्क्रीनकडे बघत नव्हती. ती आबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते मान हलवत होते: चाललंय, चाललंय, ठीक चाललंय. पाऊण साडी झाली. पदर आला. माझा वेग वाढला तशी त्यांची बोटं किंचित आवळली. मग पदर संपला, चौकोन निवला, मी हळू झालो. चिंधांनी हात न काढताच सांगितलं, "व्हई गयं." अश्विनीनं स्क्रीनकडे पाहिलं, तर खरोखरच झालं होतं. पावणेबाराला फाइल गेली.

ते डिझाइन छापलं गेलं. आता अश्विनी स्वतःचीच डिझाइनं करते, एकामागून एक. तिचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. मी म्हातारा झालोय, सुरू होताना जरा घरघरतो. योगेंद्र येऊन म्हणाला, बदलू या. चिंधांनी माझ्यावर हात ठेवून पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला रोज आतून टोचते. मी खिडकीत बसतो आणि ते कोपऱ्यात. मला जो वारा लागतो तो त्यांच्या वाटणीचा आहे. एवढं सगळं बघणारा माणूस, त्यानं आपली एकुलती एक खिडकी उठून मला दिली.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातल्या यंत्रांना झाकून, कोंडून जपू नका. त्यांची जाळी पुसा, त्यांच्या भोवती जागा ठेवा. आणि ती जागा करून द्यायला कोण उठलं, हे जरा बघा. अश्विनीनं ते पाहिलं. ती रोज दुपारी काम थांबवते, कोपऱ्यात आबांच्या समोर जाऊन बसते आणि ओरडत नाही. ओठ नीट दिसतील असं, अगदी हळू, खिडकीखाली आज काय काय चाललंय ते त्यांना सगळं सांगते.